लोकशाही कोणी कोणाला शिकवायची?



येत्या १५ ऑगस्टला देशाचा स्वातंत्र्यदिन. तालुक्याच्या कचेरीवर दिव्यांच्या माळा लागतील, शाळेतल्या पोरांना गोळ्या वाटतील, आणि झेंडावंदन उरकलं की पुष्कळ गावांत ग्रामसभा भरेल. निदान वहीत तरी भरेल. आवणी चालू आहे, चिखलातून वर यायला कोणाला सवड नाही, हे आम्हाला माहीत आहे. तरी या अंकात आम्ही जास्तीचे कागद एका माणसावर खर्च करतो आहोत. त्या दिवसाच्या समारंभात त्याचा फोटो कोणी लावील असं वाटत नाही. त्याचं नाव जयपालसिंग मुंडा. नेहमीप्रमाणे, ज्यांना वाचता येतं त्यांनी हा अंक रात्री पाड्यावर मोठ्याने वाचावा. एका बैठकीत होणार नाही, दोन रात्री लागतील.

जयपालसिंग आपल्यासारख्याच जंगलातल्या गावचे. झारखंडात रांचीकडे खुंटीजवळ टकरा नावाचं गाव आहे. तिथं १९०३ साली मुंडा आदिवासींच्या घरात ते जन्मले. बिरसा मुंडांचा उलगुलान झाला तो हाच मुलूख, आणि बिरसा तुरुंगात वारले त्याला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. पोरगा हुशार निघाला. मिशनच्या शाळेत शिकला, तिथून पुढे इंग्लंडला ऑक्सफर्डला गेला. तिथं त्याने अभ्यासात आणि हॉकीत दोन्हीकडे नाव काढलं. हॉकी म्हणजे वाकड्या काठीने चेंडू मारत न्यायचा खेळ, आपली गुराखी पोरं माळावर खेळतात त्याचाच मोठा भाऊ. १९२८ साली अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा हॉकी संघ पहिल्यांदा गेला, त्याचे कप्तान जयपालसिंग होते. शेवटचा सामना ते स्वतः खेळले नाहीत, पण संघाने सोन्याचं पदक आणलं आणि सबंध स्पर्धेत अंगावर एकही गोल घेतला नाही.

त्याच सुमारास इंग्रज सरकारच्या सर्वांत मोठ्या नोकरीसाठी, म्हणजे ज्यातून कलेक्टर नेमत त्या आय.सी.एस.साठी, त्यांची निवड झाली होती. खेळायला जायची रजा साहेबांनी दिली नाही. हे रजेवाचून गेले. परत आल्यावर सांगण्यात आलं की शिक्षणाचं वर्ष पुन्हा काढा. त्यांनी नोकरीवरच पाणी सोडलं. आज पोराला वनरक्षकाची नोकरी लागली तर आपण अख्ख्या गावाला जेवण घालतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

१९३९ साली रांचीला आदिवासी महासभेचे ते अध्यक्ष झाले. पुढे देशाची घटना लिहायला घटना समिती बसली, तिच्यात ते बिहारकडून निवडून गेले. त्या सभेत वकील, जमीनदार, संस्थानिकांची माणसं, मोठमोठे पुढारी होते. आदिवासी बोटांवर मोजण्याइतके.

१९ डिसेंबर १९४६ हा दिवस लक्षात ठेवा. नेहरूंनी सभेपुढे ठराव ठेवला होता की, स्वतंत्र भारत कसा असेल, त्यात कोणाला काय हक्क असतील. त्यावर बोलायला जयपालसिंग उठले. त्यांनी सुरुवातच अशी केली की, मी जंगली आहे, मी आदिवासी आहे, ठरावातल्या कायद्याच्या खाचाखोचा मला कळाव्यात अशी कोणाची अपेक्षा नसेल. 'जंगली' ही आपल्याला रोज ऐकावी लागणारी शिवी. बाजारात, एस.टी.त, दवाखान्यात. ती त्यांनी दिल्लीच्या सभेत छातीवर बिल्ल्यासारखी लावली. आणि मग त्या पागोट्याटोप्यांच्या सभेला तोंडावर सांगितलं की, तुमच्यातले बहुतेक जण या देशात मागाहून आलेले आहात, माझ्या लोकांना तुम्ही जंगलात हाकललंत, आमचा इतिहास म्हणजे लुबाडणूक आणि त्याविरुद्धचे उठाव.

त्याच भाषणात ते वाक्य आलं, ज्याच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. ते म्हणाले की, हा ठराव आदिवासींना लोकशाही शिकवू शकत नाही. आदिवासींना लोकशाही शिकवता येत नाही, ती त्यांच्याकडून शिकावी लागेल.

पन्नास वर्षांहून जास्त झाली. कोण शिकलं?

आपल्याकडे तर उलटंच चाललंय. सरकार आपल्याला लोकशाही शिकवायला शिबिरं घेतं. जेवण, चहा, एक फाइल, एक पेन. शिबिरात साहेब फळ्यावर लिहितात: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. आणि गावात आल्यावर हेच साहेब कोऱ्या पानावर सह्या नि अंगठे घेऊन जातात, ठराव मागाहून लिहिला जातो. कोणत्या ग्रामसेवकाचं नाव घेऊन आम्ही त्याला एकट्याला बदनाम करत नाही. रीतच पडून गेली आहे. दहा-बारा जण ओट्यावर, घरकुलाची यादी आधीच ठरलेली, चहा झाला की सभा संपली. आणि जंगलपट्टीतल्या चार पाड्यांची मिळून एक ग्रामपंचायत असल्यावर, डोंगरावरच्या पाड्याला सभा झाल्याचं कळतं ते आठवड्याच्या बाजारात.

जयपालसिंग ज्या लोकशाहीबद्दल बोलत होते ती ही नव्हे. त्यांच्या मुंडा मुलखात प्रत्येक गावाचा मुंडा असतो, पाहान असतो, पाच-दहा गावांची मिळून पडहा पंचायत असते. जंगल तोडून ज्यांनी गाव वसवलं त्यांची जमीन सगळ्या कुळाची, तिला खुंटकट्टी म्हणतात. एकट्याला ती परस्पर विकता येत नव्हती. निर्णय व्हायचा तो बसून. आपल्याकडे 'गाव बसलं' असं म्हणतात ना, तेच. बसायचं आणि पटेपर्यंत बसायचं. आज नाही पटलं तर उद्या. एकोणीस हात वर आणि सतरा खाली, म्हणून एकोणिसांचं खरं, ही मोजणी आपल्याकडे नंतर आली. त्या मोजणीत सतरा माणसं घरी जाताना मनात राग घेऊन जातात, आणि पुढच्या निवडणुकीत बाटलीवाला नेमका त्यांच्याच दारात येतो.

गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याजवळ मेंढा-लेखा नावाचं गोंडांचं गाव आहे. पुष्कळांनी ऐकलं असेल. इंचमपल्ली आणि भोपाळपटनमच्या धरणांविरुद्ध १९८४ साली जो लढा झाला त्यातून हे गाव जागं झालं. तिथं आजही सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय होत नाही. त्यांची घोषणाच आहे की, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. त्यांना हे कोणा शिबिरात शिकवलं नाही. आजोबा-पणजोबांची रीत त्यांनी धुऊन पुसून पुन्हा वापरात आणली.

आणि आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचं काय? मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी लाल बावटा आणला हे खरंच, त्यांचे उपकार आपण विसरत नाही. पण सावकार-जमीनदाराची वेठ करायची नाही हे पाड्यापाड्यावर बसूनच पक्कं झालं, आणि म्हणून ते टिकलं. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या, आपली पाच माणसं पडली, तरी वेठ परत आली नाही. जयपालसिंग दिल्लीत उभे राहिले ते त्यानंतर सव्वा वर्षाने. त्यांना झरी माहीत होती का नव्हती, कोण जाणे. बोलले ते मात्र झरीचंच.

आता थोडं कडू लिहितो. आदिवासी हे जगातले सर्वांत जास्त लोकशाहीवाले लोक, असं जयपालसिंग त्या सभेत म्हणाले. परक्यांच्या सभेत आपल्या माणसांची बाजू घेताना असं बोलावं लागतं, आम्हीही मोर्चात बोलतो. पण पाड्यावर बसून हा अंक वाचताना एकमेकांना खरं सांगायला हरकत नाही. गाव बसतं तेव्हा बाया कुठं असतात? कुडाच्या आड. किंवा चुलीपाशी. रोप त्या लावणार, मोहफुलं त्या वेचणार, सरपणाच्या भाऱ्यापायी जंगलखात्याच्या माणसाची शिवी त्या खाणार, आणि जंगलाबद्दल निर्णय करायला पुरुष बसणार. एखाद्या विधवेला भुताळी ठरवून गावाबाहेर काढतात तेही 'गाव बसूनच' काढतात. पंच दंड लावतात आणि त्याच दंडाची दारू पितात. ही पण आपलीच रीत आहे म्हणून तिला लोकशाही म्हणायचं का? आम्हाला नाही वाटत.

आणि जयपालसिंगांनाही वाटलं नसतं. कारण त्याच भाषणात त्यांनी सभेला हेही सुनावलं होतं की इथं पुरुष फार झालेत, बाया आणखी पाहिजेत. १९४६ साली! तेव्हा हे म्हणायला त्या सभेत किती जणांची जीभ उचलली असेल?

एका बाबतीत मात्र आमचं त्यांच्याशी पुरतं जमत नाही. घटनेत दारूबंदीचं कलम घालायचं निघालं तेव्हा जयपालसिंगांनी विरोध केला. तांदळाची दारू आमच्या पूजेत, सणात, शेताच्या कामात आहे, ती कायद्याने काढून घेऊ नका, असं त्यांचं म्हणणं. देवाला धार सोडायची ती सोडावीच, आमची ना नाही. पण आपल्या पाड्यांत जी नवसागर घातलेली पिशवी येते ती कुठल्या देवाची? ती गुत्तेवाल्याची. तिच्यापायी जमिनी गेल्या, सह्या गेल्या. ज्या पाड्यांवर बायांनी एकजुटीने भट्ट्या फोडल्या त्या पाड्यांवर आज पोरांच्या पोटात दोन घास जास्त जातात. तेव्हा दारूवर जयपालसिंगांचं सगळं खरं असं आम्ही म्हणणार नाही. मात्र एक गोष्ट त्यांच्या बोलण्यात खरी होती की, हे ठरवायचं कोणी? दिल्लीने, की गावाने? १९९६ च्या कायद्याने दारूवर बंदी घालायचा किंवा तिच्यावर ताबा ठेवायचा अधिकार गावापर्यंत आणला आहे. म्हणजे आता धार ठेवायची नि पिशवी बंद करायची हे आपण ठरवू शकतो. ठरवताना बाया पुढे बसलेल्या असल्या म्हणजे झालं.

त्या कायद्याचं नाव निघालंच आहे तर तेच नीट सांगतो, कारण या सगळ्या लिहिण्याचं कारण तेच आहे.

१९९२ साली घटनेत दुरुस्ती करून देशभर पंचायतीला नवे अधिकार दिले, पण पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागांना ती दुरुस्ती जशीच्या तशी लावता येत नव्हती. मग दिलीपसिंग भुरियांची समिती नेमली. तिने १९९५ साली अहवाल दिला. ठिकठिकाणच्या आदिवासी संघटनांनी दिल्लीला धरणं धरली, आणि २४ डिसेंबर १९९६ ला कायदा झाला. जयपालसिंगांच्या त्या भाषणानंतर पन्नास वर्षं आणि पाच दिवसांनी. या कायद्यात पहिल्यांदा सरकारने लिहून दिलं की गाव म्हणजे महसुली गाव नव्हे. एक वस्ती, एक पाडा, किंवा काही पाडे मिळून जिथं लोक आपल्या रीतीने आपला कारभार चालवतात, ते गाव. त्या गावाच्या मतदारांची ती ग्रामसभा. आपल्या रीतीभाती, सामाईक साधनं, तंटे सोडवायची आपली पद्धत, हे सगळं राखायला ग्रामसभा समर्थ आहे, असंही त्यात आहे. योजना गावात यायच्या आधी ग्रामसभेने मंजूर करायच्या. गरीब कोण, घरकुल कोणाला, हे ग्रामसभेने ठरवायचं. पैसा खर्च झाला की नाही याचा दाखला ग्रामसभेने द्यायचा. गेलेली आदिवासींची जमीन परत मिळवणं, सावकारीवर ताबा, आठवड्याचा बाजार, गौण वनोपजाची मालकी, हेही विषय आहेत.

ऐकायला गोड आहे. पण कायदा वाचताना एक शब्द आम्हाला टोचला, आणि तो टोचल्यावर जयपालसिंग पुन्हा आठवले.

घटनेची पाचवी अनुसूची लिहिली जात होती तेव्हाची गोष्ट. आदिवासी भागासाठी एक परिषद असावी असं ठरलं, आदिवासी सल्लागार परिषद. जयपालसिंगांचं भांडण त्या परिषदेच्या अधिकारांवरून होतं. आमच्या माणसांची परिषद नुसता सल्ला देणार असेल आणि ठरवणार दुसरेच, तर तिचा उपयोग काय? अनुसूचीत शेवटी काय आलं? वीसपर्यंत सभासद, त्यातले पाऊण आदिवासी आमदार, आणि काम एवढंच की राज्यपाल ज्या विषयावर विचारतील त्या विषयावर सल्ला द्यायचा. न विचारलेल्यावर बोलायचं कामच नाही. त्याच अनुसूचीत राज्यपालांना केवढा मोठा अधिकार आहे! कुठलाही कायदा आदिवासी भागाला लागू होणार नाही, असं ते नुसत्या हुकमाने ठरवू शकतात. जंगलाचा कायदा आपल्या पाड्यांवर कसा चालतो ते आपण रोज बघतो. त्या कायद्याला आपल्यासाठी थांबवावं, असा सल्ला परिषदेने दिल्याचं तुमच्यापैकी कोणी कधी ऐकलं आहे का?

तोच शब्द आता नवा अंगरखा घालून आला आहे. धरणासाठी, कारखान्यासाठी जमीन घ्यायची असेल तर ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी 'सल्लामसलत' करावी, असं या कायद्यात आहे. संमती घ्यावी, असं नाही. 'किंवा' पण बघा. ग्रामसभा किंवा पंचायत. जिथं पाडा नाही म्हणेल तिथं वरची पंचायत हो म्हणायला आहेच. गौण खनिजाच्या, म्हणजे दगड-मुरुमाच्या खाणीला मात्र शिफारस आधी घेणं सक्तीचं केलंय. मुरूम काढायला आपली शिफारस पाहिजे, आणि आपल्याला उठवायला नुसतं विचारलं तरी या कायद्याला चालतं!

म्हणून आम्ही म्हणतो की हा कायदा म्हणजे उघडलेलं दार आहे, घर नव्हे. राज्यांनी आपापले कायदे या कायद्याशी जुळवून घ्यायला एक वर्षाची मुदत होती. ती २४ डिसेंबर १९९७ ला संपली. मुंबईत कुठल्यातरी खोलीत कोणीतरी बसून आपल्या पाड्याला गाव म्हणायचं की नाही, गौण वनोपजात बांबू नि तेंदूपान धरायचं की नाही, 'सल्लामसलत' कशी करायची, हे लिहिलं असेल. त्या खोलीत आपल्यातलं कोणी नव्हतं. घटना समितीत निदान एक जयपालसिंग होते.

चिकाटीबद्दल आता. जयपालसिंगांची चिकाटी मोठी होती यात शंका नाही. घटना समितीत ते वर्षानुवर्षं उठून बोलत राहिले, बहुतेक वेळा हरत राहिले. 'आदिवासी' हाच शब्द आमच्यासाठी वापरा, 'वनजाती' म्हणू नका, एवढ्याशा गोष्टीसाठी भांडले. घटनेत शेवटी 'अनुसूचित जमाती' आलं. पण आपल्या तोंडी आज कोणता शब्द आहे? त्यांचाच. सरकारी कागदात हरलेली गोष्ट लोकांच्या जिभेवर जिंकते ती अशी.

त्यांच्या लोकांनी त्यांना मरांग गोमके म्हटलं, मोठा पुढारी. झारखंड वेगळं राज्य व्हावं म्हणून त्यांनी झारखंड पक्ष काढला. १९५२ च्या निवडणुकीत बिहारच्या विधानसभेत या पक्षाचे तीसच्या वर आमदार आले, विरोधकांत तो पहिल्या नंबरचा ठरला. पैसा नाही, गाड्या नाहीत, पायी फिरून. पण राज्य मिळालं नाही. राज्य पुनर्रचना आयोगानेही मागणी फेटाळली. पुढच्या निवडणुकांत जोर ओसरत गेला. आणि १९६३ साली जयपालसिंगांनी पक्ष काँग्रेसमध्ये मिळवून टाकला.

हे वाचून कोणी म्हणेल, बघा, शेवटी पुढारी विकला गेला. इतकं सोपं आम्हाला वाटत नाही. हरून हरून थकलेला माणूस कधी असा विचार करतो की आत जाऊन तरी काही मिळेल. मिळालं नाही. १९७० च्या मार्चमध्ये ते वारले, तेव्हाही झारखंड कागदावर नव्हतं. १९९५ साली नुसती एक स्वायत्त परिषद दिली. पुन्हा परिषद! पण आमचं बोट दुसरीकडे आहे. हजारो गावांनी उभा केलेला पक्ष एका माणसाच्या निर्णयाने कसा काय संपला? ज्या माणसाने दिल्लीला सांगितलं की आदिवासी बसून, पटवून निर्णय करतो, त्याच्या पक्षात हा निर्णय किती गावांत बसून झाला? अनेक कार्यकर्त्यांना तो पटला नाही. त्यांनी झारखंडाची मागणी पुन्हा खांद्यावर घेतली आणि २००० साली राज्य होईपर्यंत ती चालू राहिली. म्हणजे चिकाटी होती ती गावांत होती. पुढारी थकला तरी गाव थकलं नाही.

संघटनेलाही हे लागू आहे, आणि आमच्याबद्दल तुम्ही हाच प्रश्न विचारला पाहिजे. मुंबईला जाऊन बोलणी करणारे चार-पाच कार्यकर्ते काय कबूल करून येतात, ते आधी पाड्यावर बसून ठरलं होतं का? ठरलं नसेल तर त्यांना बांधील राहू नका.

वनजमिनीचंच घ्या. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून जी जमीन आपण कसतो ती नावावर करायची, असा सरकारचा निर्णय १९७८ साली झाला. किती दावे अडलेत ते आपण जाणतो. कागद दाखवा म्हणतात. ज्याला जंगलखात्याने दंड केला त्याच्याकडे दंडाची पावती आहे, म्हणजे पुरावा आहे. ज्याने कोंबडी देऊन सुटका करून घेतली त्याच्याकडे पुरावा नाही. कोंबडीची पावती कोण देतो? पण कोणता माणूस कोणत्या वर्षापासून कुठल्या उतारावर नाचणी पेरतो हे अख्ख्या पाड्याला पाठ आहे. म्हातारीला तर बांधावरचं झाड कोणी लावलं तेही ठाऊक असतं. हे सगळं ज्या सभेत बोललं जाईल, खोडलं जाईल, शेवटी सगळ्यांना पटेल, ती ग्रामसभा. तिथं खोटा दावा टिकत नाही, कारण शेजारी समोर बसलेला असतो. कचेरीत खोटा टिकतो, आणि खरा परत येतो. आपल्याकडून शिका म्हणायचं ते हेच की.

मात्र त्यासाठी आपली सभा तशी भरली पाहिजे. चुलत्याचा दावा म्हणून गप्प बसायचं, गैरहजर विधवेची पट्टी दिराच्या नावाने सांगायची, असं आपणच केलं तर कचेरीत नि पाड्यात फरक काय राहिला?

नेहरूंनी शब्द दिला होता की नव्या भारतात सगळ्यांना समान संधी मिळेल. आमची आजवरची कहाणी लुबाडणुकीची असली तरी मी नेहरूंच्या शब्दावर विश्वास ठेवतो, असं जयपालसिंग त्या दिवशी म्हणाले. आपल्यात शब्द दिला की दिला. लग्न शब्दावर ठरतं, बैल शब्दावर देतो. त्या शब्दाचा हिशेब १५ ऑगस्टला मागायला काय हरकत आहे? भाषणं ऐकून टाळ्या वाजवण्यापेक्षा तेच बरं.

तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आवणी अर्धा दिवस थांबवून जायचं. ज्या पाड्याला तिथवर पोचता येत नाही त्याने आपल्या पाड्यावरच बसावं, १९९६ च्या कायद्याप्रमाणे तोही गावच आहे. बाया पुढच्या रांगेत. कोऱ्या वहीवर सही-अंगठा द्यायचा नाही, आधी ठराव लिहायचा, मोठ्याने वाचायचा, मग सही. ठरावात तीन गोष्टी तरी असाव्यात: आमचा पाडा हे गाव आहे, त्याच्या चतु:सीमा अशा अशा, जमीन घेताना सल्लामसलत नको, संमती पाहिजे, आणि पाड्यावर कोण किती वर्षांपासून कोणती जमीन कसतो त्याची यादी. यादीवरून भांडण झालं तर होऊ द्या, दोन दिवस जास्त बसा, पण न पटलेलं पटलं असं लिहू नका. एक प्रत वहीत राहू द्या, एक पाड्यावर ठेवा, एक संघटनेच्या कचेरीत आणून द्या. पोळ्यापर्यंत जेवढे ठराव येतील ते एकत्र बांधून आम्ही मुंबईला नेणार आहोत. प्रत्येक पाड्याने आपला एक माणूस आणि एक बाई बरोबर द्यावी. भाड्याचे पैसे पाड्यावरच गोळा करावेत, संघटनेकडे नाहीत.